औषध कोणत्या वाटेने गेलं?

मॅग्नेशियम सल्फेट नावाचा एक साधा क्षार आहे. पांढरे, कडवट खडे, पाण्यात चटकन विरघळणारे. हे पाणी प्यायलं तर काही तासांत जुलाब होतात. हाच क्षार ग्लिसरीनमध्ये कालवून सुजलेल्या जागेवर लावतात. सलाईनची शीर सुजली की वॉर्डातल्या सिस्टर ही पट्टी बांधतात. आणि गरोदर बाईचा रक्तदाब भलता वाढून तिला झटके यायला लागले, तर हाच क्षार शिरेतून आणि कमरेच्या स्नायूत देतात, आणि झटके थांबतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया सामील होत्या. ज्यांना मॅग्नेशियम सल्फेट मिळालं त्यांच्यात झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोठ्या दवाखान्याकडे निघालेल्या बाईला गाडीत घालण्याआधी हे इंजेक्शन मिळालं की नाही, यावर तिचा जीव अवलंबून असू शकतो.

तिन्ही वेळा पदार्थ तोच. तोंडाने घेतला की तो आतड्यातून रक्तात फारसा जात नाही; आतड्यातच राहतो, पाणी धरून ठेवतो, म्हणून पोट साफ होतं. रक्तात पोचला की तो मज्जासंस्थेची उत्तेजना शमवतो. एका वाटेने गेला तर जुलाबाचं औषध, दुसऱ्या वाटेने गेला तर बाळंतिणीचा प्राणदाता. औषधाबद्दल आपण ‘कोणतं’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न विचारतो. ‘कोणत्या वाटेने’ हा तिसरा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. तो नीट समजला तर घरातल्या औषधांच्या डब्याकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

मग हा क्षार औषधांच्या कपाटात कुठल्या कप्प्यात ठेवायचा? औषधांचं वर्गीकरण करणाऱ्यांना हा पेच नेहमीच पडतो. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे आजारावरून: तापाची औषधं, दम्याची औषधं, साखरेची औषधं. रुग्णाला हीच भाषा समजते आणि दवाखान्यात हीच चालते. दुसरी पद्धत औषध शरीरात नेमकं काय करतं त्यावरून: कुठलं दार बंद करतं, कुठला संदेश अडवतं. तिसरी त्याच्या रासायनिक घडणीवरून. जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्यांची सांगड घालून एक सांकेतिक पद्धत वापरात आणली आहे. तीत औषधांचे १४ मुख्य गट आहेत आणि एकेका औषधाला त्याच्या कामाप्रमाणे संकेतांक मिळतो. ॲस्पिरिनला त्यात एकाहून जास्त संकेतांक आहेत, कारण ७५ मिलिग्रॅमची रोजची गोळी रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून असते आणि ३०० मिलिग्रॅमच्या पुढची मात्रा अंगदुखी-तापासाठी. औषध एक, मात्रा बदलली, कप्पा बदलला.

सामान्य वाचकाच्या सर्वांत उपयोगी पडणारं वर्गीकरण मात्र गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ठळक अक्षरात कंपनीने ठेवलेलं नाव असतं, त्याच्याखाली मूळ औषधाचं. ही मूळ नावं जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून ठरवत आली आहे आणि त्यांच्या शेपटात औषधाचं कूळ दडलेलं असतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही ‘ओलॉल’वाली मंडळी हृदयाचा वेग कमी करतात. एनालाप्रिल, रामिप्रिल हे ‘प्रिल’ आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन हे ‘सार्टन’ रक्तदाब उतरवतात. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल हे ‘प्राझोल’ जठरातलं आम्ल कमी करतात. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलचे, ‘ग्लिप्टिन’ मधुमेहाचे. अपवाद आहेत: ॲरिपिप्राझोल हे मनोविकाराचं औषध आहे, ॲसिडिटीशी त्याचा संबंध नाही. पण एवढी शेपटं ओळखता आली तरी मोठा धोका टळतो. वडिलांना गावच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिलेली असते आणि शहरातल्या डॉक्टरांनी दुसरी. वरची नावं वेगळी, रंग वेगळे, आणि बारीक अक्षरात दोन्हींवर तेच मूळ नाव. वडील मात्र दोन्ही निष्ठेने घेत असतात.

कायद्याचंही एक वर्गीकरण आहे. पट्टीच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. १९४५ च्या औषध नियमांतलं परिशिष्ट ‘एच’ ते हे. २०१३ साली त्यात ‘एच-१’ची भर पडली. त्यातल्या निवडक प्रतिजैविकांची आणि क्षयाच्या औषधांची विक्री दुकानदाराने वहीत नोंदवायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. प्रत्यक्षात मेडिकलच्या काउंटरवर काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती लाल रेघ आपण स्वतःच पाळायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

कप्प्यांचा विषय निघाला की कोकणातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध. रायगड जिल्ह्यात, आधी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यासमोर लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. रुग्णाला दरदरून घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे, मग छातीत पाणी भरून श्वास कोंडायचा. दंशानंतर ज्यांची प्रकृती अशी बिघडे, त्यांच्यातले शंभरात पंचवीस-तीस जण दगावत. उपचार म्हणून अँटिहिस्टामिन, स्टिरॉइड अशी औषधं दिली जात आणि त्यांनी फारसं काही साधत नसे.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून काय घडतंय ते टिपलं. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडेच राहतात, आणि ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिन यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, ते थकतं आणि फुप्फुसांत पाणी साठतं. या वाहिन्या आवळणारा जो संदेश असतो, तो जिथे पोचतो त्या जागेला ‘अल्फा’ ग्राहक म्हणतात. प्राझोसिन नेमकी तीच जागा अडवतं. औषधाकडे ‘बीपीची गोळी’ म्हणून पाहिलं असतं तर विंचवाशी त्याचा संबंध कुणालाच सुचला नसता. ‘अल्फा अडवणारं औषध’ म्हणून पाहिल्यावर तो सुचला. १९८६ साली हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे मृत्यूंचं प्रमाण शंभरात चारांच्याही खाली उतरलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीत वाटेचाही धडा आहे. प्राझोसिन तोंडाने देता येतं. शिरेतून सावकाश सोडायला पंप नको, अतिदक्षता विभाग नको. साधी गोळी, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. पहिल्या गोळीनंतर रुग्णाला निजवून ठेवायचं, कारण उभं केलं तर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. आणि गोळी साधीच हवी, सावकाश विरघळणारी नको. रोजच्या रक्तदाबासाठी सावकाश विरघळणं हा गुण असतो. विंचवाच्या रुग्णाकडे तेवढा वेळ नसतो.

आता गोळी गिळल्यावर काय होतं ते पाहू. रक्तात शिरण्यासाठी औषधाला दोन परस्परविरोधी परीक्षा द्याव्या लागतात. आधी पाण्यात विरघळायचं, कारण पोटातला रस पाण्याचा. मग आतड्याच्या पेशींचं आवरण ओलांडायचं, आणि ते आवरण स्निग्ध. पाण्यात न विरघळणारं औषध भिंतीपर्यंत पोचतच नाही. फक्त पाण्यातच रमणारं औषध भिंतीशी येऊन थांबतं आणि शौचावाटे बाहेर जातं. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं दुसऱ्या प्रकारची, म्हणून ती टोचूनच द्यावी लागतात. व्हॅन्कोमायसिनही आतड्यातून जवळजवळ शोषलं जात नाही, आणि डॉक्टर याच उणिवेचा उपयोग करतात: आतड्यातच ठाण मांडून बसलेल्या एका चिवट जंतूसाठी ते मुद्दाम तोंडाने देतात.

बहुतेकांचा समज असतो की गोळी ‘पोटात’ म्हणजे जठरात विरघळून तिथेच रक्तात जाते. खरं काम लहान आतड्यात होतं. घड्या आणि केसांहून बारीक अंकुर यांमुळे तिथला पृष्ठभाग सुमारे ३० चौरस मीटर भरतो, एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीएवढा. जठराचा पृष्ठभाग त्यामानाने नगण्य. ॲस्पिरिनसारखं आम्लधर्मी औषध जठराच्या आम्लात भिंत ओलांडायला सोयीच्या रूपात असतं, तरीही त्याचा मोठा भाग आतड्यातूनच शोषला जातो, कारण जागाच तिथे आहे. म्हणून जठर किती लवकर रिकामं होतं यावर गोळीचा वेग ठरतो. अर्धशिशीचा झटका आला की जठराची हालचाल मंदावते. गोळी तिथेच पडून राहते आणि डोकं ठणकतच राहतं. अशा वेळी उलटी थांबवून जठर पुढे ढकलणारं औषध सोबत देतात, आणि झटक्याची चाहूल लागताच गोळी घ्यायला सांगतात.

जेवणाआधी की जेवणानंतर, हा प्रश्न आपल्याकडे शिष्टाचारासारखा हाताळला जातो. चुकला तरी चालेल असं मानतात. काही औषधांत तो चुकला तर औषध घेतलंच नाही असं होतं. गेल्या काही वर्षांत घरोघरी पसरलेल्या नायट्याचं, गजकर्णाचं उदाहरण घ्या. त्यावर दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलला विरघळायला आम्ल लागतं आणि भरलं पोट लागतं. आपल्याकडे मात्र ‘औषधं गरम पडतात’ म्हणून त्याच्याबरोबर सकाळी अनशापोटी पॅन्टोप्राझोल घेतलं जातं. आम्लच राहत नाही, कॅप्सूल नीट विरघळत नाही, नायटा हटत नाही, आणि दोष औषधाला लागतो. डॉक्टरांना ‘मी ॲसिडिटीची गोळीही घेतो’ एवढं सांगितलं तरी काम होतं.

जंताची अल्बेंडाझोल तर आणखी मजेशीर. शाळेत मुलांना चघळायला देतात त्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीचं काम आतड्यातच असतं. ती रक्तात कमी गेलेलीच बरी. पण पट्टकृमीची अळी मेंदूत गाठी करून बसली आणि फिट यायला लागली, तर औषध रक्तात जायलाच हवं. तेव्हा ती भरपूर तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर द्यायची, कारण स्निग्ध अन्नाने तिचं शोषण सुमारे पाचपटीपर्यंत वाढतं. थायरॉइडची गोळी याच्या उलट: सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा-कॉफी अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवायच्या. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेतली तर तीच गत कॅल्शियमकडून होते. पंडुरोगावर महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्या आणि रोज त्या चहाच्या कपाबरोबर गिळणाऱ्या बायका आपल्या आजूबाजूला कमी नाहीत. गोळीची वेळ बदलायला पैसे लागत नाहीत.

आतड्याची भिंत ओलांडली तरी औषध सुटत नाही. आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृताकडे जातं, आणि यकृत जकातनाक्यासारखं प्रत्येकाकडून आपला वाटा काढून घेतं. प्रोप्रॅनोलॉल शिरेतून द्यायचं तर सुरुवात १ मिलिग्रॅमने करतात; तोंडाने द्यायचं तर ४० मिलिग्रॅम लागतं. नायट्रोग्लिसरीन गिळलं तर यकृत जवळजवळ सगळंच मोडून टाकतं. म्हणूनच छातीत कळ आली की ते किंवा त्याच कुळातली सॉर्बिट्रेटची छोटी गोळी जिभेखाली ठेवायला सांगतात. जिभेखालच्या शिरांमधलं रक्त यकृताला बगल देऊन थेट हृदयाकडे जातं आणि दोन-पाच मिनिटांत आराम पडतो. ती गोळी खाली बसून ठेवायची, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. आणि पुरुषांनी शक्तिवर्धक म्हणून सिल्डेनाफिल घेतलं असेल तर लाज बाजूला ठेवून ते सांगायचं. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात दिली जाणारी ॲस्पिरिन मात्र जिभेखालची नाही, ती चावून खायची असते. चावल्याने तिचे तुकडे होतात आणि ती लवकर शोषली जाते.

जिभेखाली ठेवलं की ते चांगलंच, असंही नाही. एके काळी रक्तदाब भडकला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून तिचा रस जिभेखाली टाकायची पद्धत होती. दाब इतका वेगाने उतरायचा की काहींना त्यातूनच अर्धांगवायू किंवा हृदयविकाराचा झटका आला. १९९६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवा असं आवाहन करणारा लेख आला. तोवर जगभर असंख्य दवाखान्यांत ती राजरोस चालू होती.

याच कारणाने गोळी फोडण्यापूर्वी विचारावं. नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सएल’, ‘ईआर’ अशी अक्षरं असतील तर त्या गोळीत दिवसभराचं औषध हळूहळू सुटेल अशी रचना असते. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून ती कुटून पाण्यात कालवली, की दिवसभराचा साठा तासाभरात रक्तात उतरतो. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवरचं कवच आम्लापासून औषध वाचवण्यासाठी असतं. ते फोडलं तर औषध जठरातच नासतं. घरात नळीवाटे अन्न घेणारा रुग्ण असेल तर ‘या गोळीचं पातळ औषध मिळतं का?’ हे डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारलंच पाहिजे.

वाटेबद्दलचा सर्वांत दुःखद गैरसमज दम्याच्या पंपाबद्दल आहे. ‘पंप म्हणजे शेवटची पायरी’, ‘एकदा लागला की सुटत नाही’, मुलीचं लग्न ठरायचंय म्हणून पंप लपवून ठेवा: हे सगळं आजही ऐकू येतं. आकडे पाहा. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. दोन दाब घेतले तरी ४ मिलिग्रॅमच्या गोळीच्या विसाव्या भागाएवढं. गोळी पोटातून, यकृतातून, सगळ्या अंगातून फिरून फुप्फुसात पोचते आणि वाटेत हात थरथरवते, छाती धडधडवते. पंप थेट आजाराच्या जागी जातो आणि काही मिनिटांत श्वास मोकळा करतो. स्टिरॉइडच्या पंपाचंही तेच: मात्रा अत्यल्प. घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडात बुरशीही होत नाही. जो मार्ग सर्वांत सौम्य, त्यालाच आपण सर्वांत भयंकर ठरवलं आणि त्यापायी कितीतरी मुलांचं बालपण धाप लागण्यात गेलं, याचं फार वाईट वाटतं.

त्वचा ही भक्कम भिंत आहे, पण तिलाही वाटा आहेत. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांना सोमवारी कामावर परतलं की डोकेदुखी सुरू व्हायची. नायट्रोग्लिसरीन त्वचेतून आणि श्वासातून त्यांच्या रक्तात जाऊन वाहिन्या रुंदावत होतं. आठवडाभरात शरीर सरावायचं आणि रविवारच्या सुट्टीत तो सराव मोडायचा. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल याला स्वतःला १८९६ साली हृदयासाठी हेच औषध सांगितलं गेलं होतं. आपल्या रोजच्या जगण्यात मात्र काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. त्वचेची जाडी सगळीकडे सारखी नसते. १९६७ साली झालेल्या एका अभ्यासात हातावरच्या त्वचेच्या तुलनेत कपाळावरून सहापट आणि अंडकोशाच्या त्वचेवरून बेचाळीसपट स्टिरॉइड शोषलं गेल्याचं दिसलं. जांघेतल्या नायट्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडमिश्रित मलम महिनोन्‌महिने चोळणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते, आणि कातडी पातळ होऊन तिच्यावर कायमचे पांढरट चरे उमटतात.

आता सुईकडे येऊ. काही ठिकाणी तिला पर्याय नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळलं तर डाळीसारखं पचून जाईल. सर्पदंशावरची लस घोड्यांच्या रक्तातून मिळणाऱ्या प्रथिनांची असते आणि ती शिरेतूनच द्यावी लागते. चावल्या जागी टोचून उपयोग नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांना त्यांनी घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं, सोबत तोंडाने एक प्रतिजैविक. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे सुई योग्य होती, कारण हे औषध दुसऱ्या कुठल्याच वाटेने रक्तात पोचत नाही. इन्सुलिन टोचणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: ४० युनिटच्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि १०० युनिटसाठी नारिंगी. १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट मात्रा जाते, आणि साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

पण आपल्याकडे सुई गरजेपेक्षा मानाची झाली आहे. अंग कसकसलं की ‘डॉक्टर, एक सुई मारा’, अशक्तपणा आला की ‘ताकदीचं सलाईन लावा’. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ५ टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे शंभराच्या आतबाहेर कॅलरी. एक केळं खाल्लं तरी तेवढ्या मिळतात. ज्याला उलट्या थांबत नाहीत, जो शुद्धीवर नाही, ज्याचं अंगातलं पाणी धोक्याइतकं कमी झालंय, त्याच्यासाठी ही बाटली जीवनदायी आहे. चालत दवाखान्यात आलेल्या, जेवू शकणाऱ्या माणसाला त्या दिवसाची मजुरी देऊन तिच्यातून काही मिळत नाही. शिवाय सुईची वाट जंतूंनाही खुली होते. २००९ साली गुजरातेत मोडासा परिसरात पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांमधून ‘बी’ प्रकारची कावीळ पसरली आणि कितीतरी माणसं मेली.

सुईपेक्षा तोंडाची वाट किती थोर ठरू शकते, हे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिसलं. बांगलादेशातून लाखो माणसं सीमा ओलांडून येत होती, कॉलरा पसरला होता, जमिनीवर उलट्या-जुलाबांत माणसं पडली होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवून घेतल्या, त्या पाण्यात कालवून पिंपं भरली, आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितलं. छावणीतला मृत्युदर शंभरात तीसवरून चाराच्या खाली आला.

यामागचं शास्त्र शोषणाचंच आहे. १९६० साली प्रागमधल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं होतं, की आतड्याच्या भिंतीत एक दार असं असतं, ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. त्यांच्यामागून पाणी जातं. कॉलऱ्यात आतडं बेसुमार पाणी बाहेर टाकतं, पण हे दार शाबूत राहतं. नुसतं मिठाचं पाणी पाजून काम होत नाही, नुसतं साखरेचंही नाही. दोन्ही हवीत आणि मापात हवीत. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने या पाण्याचं माप आणखी सौम्य केलं: १ लिटर पाण्यात एकूण २०.५ ग्रॅम पूड, त्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. गोड सरबतांच्या खोक्यांवर या मापातल्या पाण्याचं नाव, ‘ओआरएस’ ही अक्षरं, छापून ती विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती अक्षरं काढायला लावली, ते याचसाठी.

म्हणून पाकीट घेताना त्यावर हे सूत्र आहे का ते वाचायचं. १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायचं. चिमूटभर पूड पेल्यात टाकून अंदाजे करायचं नाही. कालवलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मूल प्यायल्या-प्यायल्या ओकलं, तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने, आधीपेक्षा सावकाश पाजायला लागायचं.